बेसबॉलचे हिवाळी करार कसे जोखायचे? सोटोच्या ट्रेडचा पूर्ण हिशोब

नमस्कार मंडळी! वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, संपली की अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये दुसराच खेळ सुरू होतो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मैदानं ओस असतात, पण संघांच्या ऑफिसांमधले फोन वाजत राहतात. एखादा फ्री एजंट, म्हणजे करारातून मोकळा झालेला खेळाडू, सही करतो, एखाद्याचा ट्रेड, म्हणजे संघांमधली अदलाबदल, होतो, आणि तासाभरात लोक गुण वाटून मोकळे! या संघाला दहापैकी नऊ, त्या संघाला दहापैकी तीन.

हे गुण बहुतेक वेळा नावाला मिळतात, व्यवहाराला नाही. ज्या संघाकडे मोठा खेळाडू गेला तो जिंकला, ज्यानं सोडला तो हरला. मला हे पटत नाही. व्यवहार जोखताना मी आधी पाहतो की संघानं बदल्यात काय सोडलं, आणि ते सोडलं नसतं तर त्याचं पुढे काय झालं असतं. आज एकच ट्रेड घेऊन हे नीट उलगडू या.

(स्क्रीनवर: डिसेंबर 2023, सॅन डिएगो पाद्रेस – न्यूयॉर्क यांकीज)

हुआन सोटो. वय 25, पिढीतून एखादाच निघावा असा फलंदाज. पाद्रेसनी त्याला आणि सोबत ट्रेंट ग्रिशमला यांकीजकडे पाठवलं. बदल्यात आले पाच जण: मायकल किंग, ड्रू थॉर्प, जॉनी ब्रिटो आणि रँडी वास्केझ हे चार पिचर (बेसबॉलचे गोलंदाज), शिवाय कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) काइल हिगाशिओका. त्या दिवशी सगळीकडे एकच सूर होता, पाद्रेसनी हिरा विकला.

आता पाद्रेसच्या बाजूनं बघा. 2023 मध्ये त्यांच्या टीव्ही प्रक्षेपणाचा करार मोडला होता. खर्चाला कधी मागेपुढे न पाहणारे मालक पीटर साइडलर नोव्हेंबरमध्ये वारले. पगाराचा बोजा कमी करणं भाग होतं. आणि सोटोच्या करारात उरलं होतं फक्त एक वर्ष. त्याचा 2024 चा पगार ठरला 3 कोटी 10 लाख डॉलर, आणि त्यानंतर तो मोकळा.

इथे एक नियम माहीत हवा, कारण बेसबॉलचा सगळा बाजार त्यावर उभा आहे. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत तो सहसा संघाच्या ताब्यात असतो. पहिली साधारण तीन वर्षं जवळपास किमान पगारावर, जो 2024 मध्ये 7 लाख 40 हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं लवादाच्या पद्धतीनं पगार वाढत जातो. म्हणून ट्रेडमध्ये खेळाडू किती चांगला आहे याच्या जोडीला तो किती वर्षं आणि किती पैशांत मिळतोय, हेही बघावं लागतं. सोटोचं एक वर्ष होतं. किंगची दोन होती. थॉर्प तर मेजर लीगमध्ये उतरलाही नव्हता, म्हणजे त्याची सगळी सहा वर्षं शिल्लक.

मग पाद्रेसनी थॉर्पचं काय केलं? मार्च 2024 मध्ये त्याला इतर तिघांसोबत शिकागो व्हाइट सॉक्सकडे दिलं आणि डिलन सीस हा तयार, दमदार पिचर आणला. सीसनं त्याच जुलैमध्ये नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिला नाही. किंगनं 2.95 चा ई.आर.ए. राखला, म्हणजे दर नऊ डावांमागे समोरच्या संघाला तीनपेक्षा कमी धावा दिल्या. या दोघांचा त्या वर्षीचा पगार मिळून 1 कोटी 12 लाख डॉलरच्या आसपास, सोटोच्या निम्म्याहूनही कमी! आणि आऊटफिल्डमध्ये जी जागा मोकळी झाली, तिथे जॅक्सन मेरिल नावाचा पोरगा उभा राहिला. मुळचा शॉर्टस्टॉप, म्हणजे आतल्या मैदानातला क्षेत्ररक्षक, पण सेंटर फील्डमध्ये असा खेळला की नॅशनल लीगच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात दुसरा आला.

2023 मध्ये पाद्रेसनी 82 सामने जिंकले होते, 2024 मध्ये 93. यांकीजचंही 2023 मध्ये 82 च होतं, तेही 94 वर गेले. सोटोनं 41 होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले आणि क्लीव्हलँडमध्ये दहाव्या डावात तीन धावांचा होम रन ठोकून यांकीजना 2009 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सीरिजमध्ये नेलं. सगळं श्रेय या एका ट्रेडला द्यायचं नाही, पण मी दोन्ही संघांना चांगले गुण देतो. गरजा वेगळ्या असल्या की दोघंही जिंकू शकतात. आणि ज्या ग्रिशमकडे कुणाचं लक्षही नव्हतं, त्यानं 2025 मध्ये यांकीजसाठी 34 होम रन मारले. हे त्या डिसेंबरात कुणाच्या गुणपत्रिकेत होतं?

आता पैशांकडे वळू. डिसेंबर 2024 मध्ये सोटो न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. 15 वर्षं, 76 कोटी 50 लाख डॉलर. 2025 मध्ये त्यानं 43 होम रन मारले, 38 बेस चोरले (म्हणजे फटक्याविना धावून पुढचा टप्पा गाठला), आणि मेट्स 83 विजयांवर अडकून शेवटच्या दिवशी प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, शर्यतीतून बाहेर पडले. मग करार फसला का? अजिबात नाही. डब्ल्यू.ए.आर. हे माप सांगतं की सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या जागी हा खेळाडू असल्यानं संघाचे किती विजय वाढले. सोटोचं त्या वर्षी साधारण 6 आलं. निव्वळ बदली खेळाडूंचा संघ 162 पैकी 48 च्या आसपास सामने जिंकेल, असं हे माप धरतं. तिथून नव्वदीपर्यंत जायला चाळीसेक विजय लागतात. सोटोनं त्यातले सहा आणले, बाकीचे त्यानं कुठून आणायचे? मेट्सची पिचिंग ढासळली, त्याचं खापर सोटोवर फोडणं अन्याय आहे.

तुम्ही म्हणाल, पण एवढे पैसे? आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय आहे. तिथे सगळ्यांची थैली सारखी, त्यामुळे एकावर 27 कोटी लावले की बाकीच्यांसाठी तेवढे कमी. मेजर लीगमध्ये अशी कडक मर्यादा नाही, लक्झरी टॅक्स आहे, म्हणजे संघाचा पगारखर्च ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की वरच्या रकमेवर कर. 2025 मध्ये त्याची रेषा होती 24 कोटी 10 लाख डॉलर. सलग तिसऱ्या किंवा त्याहून अधिक वर्षी ती ओलांडली आणि वर आणखी 6 कोटींच्या पलीकडे गेलात, तर पुढच्या प्रत्येक डॉलरवर 110 टक्के कर! म्हणजे 1 कोटीचा खेळाडू पडतो 2 कोटी 10 लाखांना. त्यामुळे एकच करार एका संघाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग असू शकतो. शोहेई ओहतानीच्या दहा वर्षांच्या 70 कोटींच्या करारापैकी 68 कोटी डॉजर्स 2034 ते 2043 मध्ये देणार आहेत, म्हणून टॅक्सच्या हिशोबात तो वर्षाला 7 कोटींऐवजी सुमारे 4 कोटी 60 लाखांचा धरला जातो. बातमीतला आकडा बघून थांबू नका, हेच माझं सांगणं.

आता दुखापतींनी बुडवलेले दोन करार, कारण मला सगळ्यात महत्त्वाचा फरक यातच दिसतो. डिसेंबर 2019, एकाच आठवड्यात दोन सह्या. स्टीफन स्ट्रासबर्ग वॉशिंग्टनकडेच राहिला, अँथनी रेंडन एंजल्सकडे गेला. दोघंही 7 वर्षं, 24 कोटी 50 लाख डॉलर. स्ट्रासबर्ग त्यानंतर फक्त 8 सामन्यांत उतरला. रेंडन एकाही मोसमात 60 सामने खेळू शकला नाही. दोन्ही करार बुडाले, पण मी दोघांना सारखे गुण देत नाही. स्ट्रासबर्ग पिचर होता, 31 वर्षांचा, कोपराची शस्त्रक्रिया झालेला, आणि 2015 ते 2018 मध्ये त्यानं एकदाही 30 सामने सुरू केले नव्हते. धोका समोर दिसत होता. रेंडन मात्र सही करण्याआधीच्या चार मोसमांत दर वर्षी 136 किंवा त्याहून जास्त सामने खेळला होता. त्याच्या बाबतीत निर्णय समजण्यासारखा होता, नशीब फुटकं निघालं.

जाता जाता तुमच्यासाठी एक ट्रेड. डिसेंबर 2024: फलंदाज काइल टकर ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजकडून शिकागो कब्जकडे, करारात एकच वर्ष बाकी. बदल्यात इसाक परेडेस, हेडन वेस्नेस्की आणि नवखा कॅम स्मिथ. 2025 मध्ये कब्ज 92 सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेले, अ‍ॅस्ट्रोज 2016 नंतर पहिल्यांदाच बाहेर राहिले. पण स्मिथ 2030 पर्यंत ह्यूस्टनच्या ताब्यात आहे, त्यामुळे ह्यूस्टनची वही मी इतक्यात बंद करणार नाही. कब्जना मी दहापैकी सात देतो. तुम्ही दोन्ही संघांना किती देता ते कारणासकट कमेंटमध्ये लिहा. न्यू जर्सीतले यांकीज आणि मेट्सवाले मराठी मंडळी, तुम्हीही!