चपला काढा, मावशी

[दृश्य: भूलपूर्व तपासणीची खोली. स्टुलावर ठेवलेला पाय, त्यावर टॉर्चचा उजेड.]

ऑपरेशन गुडघ्याचा सांधा बदलण्याचं, पण सिस्टर आधी तळपाय बघतात. बोटांच्या बेचक्या एकेक करून फाकवतात, टाचांच्या भेगा चाचपतात. सतत पाण्यात काम असलं की बेचक्यांत चिखल्या होतात; कातडी पांढरी, ओलसर पडून सोलवटते. तिथून शिरलेले जंतू नव्या सांध्यापर्यंत पोचले, तर धातूवर चिकट थर धरून बसतात. मग अँटिबायोटिक पुरं पडत नाही, बसवलेला सांधा काढावाही लागतो. म्हणून चिखल्या बऱ्या होईपर्यंत तारीख पुढे. किडलेला दात, लघवीची जळजळ, मांडीवरचं गळू यांनाही हीच शिस्त.

[दृश्य: टेबलावर रिकामी केलेली गोळ्यांची पिशवी.]

“रक्त पातळ करायची गोळी” एवढ्यावर भागत नाही. पाकिटावरचं नाव वाचायचं. वॉरफरिन साधारण 5 दिवस आधी थांबवतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, असेल तर क्लोपिडोग्रेल हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिन 3 दिवस आधी बंद, नाहीतर उपाशीपोटी रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून होणारी आम्लं, वाढतात. ग्लुकोमीटरवर साखर फारशी चढलेली दिसत नाही, म्हणून हा धोका हमखास नजरेतून सुटतो. पिशवीत बिननावाची सांधेदुखीची पुडी निघाली तर त्यात स्टिरॉइड असू शकतं. लगेच भूलतज्ज्ञांना कळवायचं. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर 3 महिने जाऊ देतात.

हिमोग्लोबिन पुरुषांत 13, स्त्रियांत 12 च्या खाली असलं तर कारण शोधून उपचार आधी. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 8 च्या वर असली की बहुतेक सर्जन थांबतात.

तंबाखूचं विचारलं की बायका सरळ नाही म्हणतात. “मावशी, मिश्री लावता का?” असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. निदान 4 आठवडे आधी सुटायला हवं. घोरण्याचं मात्र नवऱ्याला विचारावं. झोपेत श्वास अडकत असेल, तर ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी औषधं जपून द्यावी लागतात.

[दृश्य: खुर्ची, जमिनीवर 3 मीटरवर चिकटपट्टी.]

खुर्चीतून उठायचं, पट्टीपर्यंत चालायचं, वळून परत बसायचं. सेकंद मोजताना हात कशाचा आधार शोधतो, तेही टिपायचं. मग घराची चौकशी: जिने किती, रात्री सोबत कोण, संडास कसला? भारतीय असेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच घरी आणून ठेवायला सांगतात.