इफिजेनियाचा खटला कोणी चालवला?

नमस्कार श्रोतेहो.

इसवी सनापूर्वी ४५८ साली अथेन्समध्ये, डायोनिससच्या उत्सवात, एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी रंगमंचावर आली आणि पहिलं बक्षीस घेऊन गेली. सूड संपून न्यायालय कसं उभं राहिलं याची ही गोष्ट, असं तिच्याबद्दल नेहमी सांगतात. ते खरंच आहे. पण त्या न्यायालयात निकाल कशाच्या जोरावर लागला, हे कान देऊन ऐकलं की माणूस चपापतो.

मुळापासून सांगतो. ट्रॉयवर स्वारी करायला निघालेलं ग्रीक आरमार ऑलिस बंदरात अडकून पडलं, वारा अनुकूल होईना. देवीचा कोप शमवायला सेनापती अ‍ॅगमेम्नॉननं स्वतःच्या मुलीचा, इफिजेनियाचा बळी दिला. नाटकातले नगरातले म्हातारे, म्हणजे कोरस, हा प्रसंग सांगतात तेव्हा अंगावर काटा येतो. बोकडासारखी तिला वेदीवर उचलून धरली आणि तोंडात बोळा कोंबला. का, तर मरताना तिनं घराण्याला शाप देऊ नये! बापाच्या मेजवान्यांत जी गात असे, त्याच मुलीचं हे तोंड.

दहा वर्षांनी राजा अ‍ॅगमेम्नॉन जिंकून घरी येतो. राणी क्लायटेम्नेस्ट्रा त्याच्या पायांखाली जांभळी, भारी वस्त्रं अंथरते. तो आधी कचरतो, मग तिच्या गोड बोलण्याला भुलून त्यांवरून चालत आत जातो. आत न्हाणीघरात ती त्याला जाळ्यासारख्या झग्यात गुंडाळते आणि तीन घाव घालते. बाहेर येऊन लपवाछपवी नाही, रडणं नाही. त्याचं रक्त अंगावर उडालं तेव्हा पावसानं पीक सुखावावं तशी मी सुखावले, असं ती सगळ्यांसमोर सांगते. प्रियकर एजिस्थस होता, राज्याचा लोभही असेल. पण म्हाताऱ्यांना ती जे विचारते त्याला उत्तर नाही: यानं माझी मुलगी मारली तेव्हा तुम्ही याला हद्दपार का केलं नाहीत?

नाटकाच्या सुरुवातीलाच पहारेकरी म्हणतो, या बाईचं काळीज पुरुषासारखं बेत आखणारं आहे. आणि गंमत बघा, तिची भूमिका मुखवटा घालून करणारा नट पुरुषच. ग्रीक रंगभूमीवर बायका नव्हत्याच.

पुढे मुलगा ओरेस्टीस बापाचा सूड घ्यायला येतो. आई छाती उघडी करून म्हणते, हिचं दूध प्यालास. त्याचा हात थबकतो. सूड घे अशी अपोलो देवाची आज्ञा होती, तिची आठवण मित्र पिलाडीस देतो, आणि आईचा खून होतो. मग रक्ताचा बदला घेणाऱ्या एरिनीज देवता त्याच्या मागे लागतात आणि प्रकरण अथेन्सच्या अरिओपॅगस टेकडीवरच्या न्यायमंडळापुढे पोचतं. हे न्यायमंडळ त्या काळी ताजा विषय होता. तीन-चार वर्षांपूर्वीच एफिआल्टीस या लोकशाहीवादी पुढाऱ्यानं त्याचे राजकीय अधिकार काढून घेतले होते आणि खुनाचे खटले तेवढे ठेवले होते.

बचाव करतो स्वतः अपोलो. त्याचा मुद्दा असा: आई ही खरी जन्मदाती नव्हेच, ती बापानं पेरलेलं बीज फक्त सांभाळते. बीज आणि शेताचा हा हिशेब आपल्या मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातही आहे, तेव्हा ग्रीकांनाच नावं ठेवायला नकोत. पुरावा म्हणून अपोलो बोट दाखवतो खटला चालवणाऱ्या अथेना देवीकडे, जी देवांचा राजा झ्यूस याच्या मस्तकातून जन्मली. तीही आपलं मत देताना सांगते की मला आई नाही; लग्न सोडलं तर सर्व बाबतींत मी पुरुषाच्या बाजूची. मतं समसमान पडतात. तसं झालं तर आरोपी सुटेल असं तिनं आधीच जाहीर केलेलं असतं, म्हणून ओरेस्टीस सुटतो.

या अख्ख्या खटल्यात इफिजेनियाचं नाव कोणी घेत नाही. अपोलोनं घेऊ नये हे समजण्यासारखं आहे. पण क्लायटेम्नेस्ट्राचं भूतसुद्धा स्वतःच्याच खुनाची दाद मागतं! मला वाटतं, हा एस्किलसचा विसराळूपणा नव्हे. ती मुलगी मध्ये आली असती, तर पहिला आरोपी अ‍ॅगमेम्नॉन ठरला असता.

एरिनीज चिडतात, भूमीवर विष ओतण्याची धमकी देतात. अथेना त्यांची समजूत घालते. इथे रहा, मान मिळेल, पूजा मिळेल. ही मनधरणी म्हणजे लोकशाहीचा विजय, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मीही मानतो, पण तिचं एक वाक्य वगळून चालत नाही. समजावता समजावता ती सहज म्हणून जाते, झ्यूसचं वज्र ज्या कोठारात आहे त्याची किल्ली देवांमध्ये एकट्या मला ठाऊक आहे, अर्थात तिची गरज नाही म्हणा.