पाण्याचा तांब्या

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. विश्वासाने माणूस बदलतो, असं आपण साक्षीत नेहमी सांगतो. पण बदलतं म्हणजे नेमकं काय, यावर आज बोलायचं आहे. त्यासाठी मी ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांकडे जाणार आहे.

त्यांचे पती, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, यांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही बातमी लक्ष्मीबाईंना कळली तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळलं. आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या.

त्यांचं माहेर कसं होतं, ते ‘स्मृतिचित्रे’त त्यांनीच लिहून ठेवलंय. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की घरात मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. त्या घरातली ही मुलगी. पुढे ती नवऱ्याकडे परत आली ती आपलं सोवळं बरोबर घेऊनच. स्वयंपाक आपला, पाणी आपलं. आणि टिळकांनी तिच्यावर धर्माची बळजबरी केली नाही. मला वाटतं, टिळकांचा खरा पालट इथे दिसतो. स्वभावाने तापट, घटकेत पेटणारा हा माणूस या एका बाबतीत थांबायला शिकला होता.

मग एकदा लक्ष्मीबाईंच्या मनात विचारांचं चक्र सुरू झालं. देवाने माणूस केला, मग जाती कुणी केल्या? जनावरांत आहेत का अशा जाती? विचार करता करता त्यांचं ठरलं, आता कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. हे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचं आहे, हे लक्षात घ्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. म्हणजे चर्चच्या आधी प्रभू त्यांच्या स्वयंपाकघरात शिरला होता.

आकाशाचं राज्य खमिरासारखं आहे, असं प्रभू म्हणतो. एका बाईने ते तीन मापं पिठात लपवून ठेवलं. लपवून, हा शब्द मला फार आवडतो. पीठ फुगताना आवाज होत नाही. ज्या बाईला परक्याची सावली चालत नव्हती, तिच्या घरात पुढे कुणाकुणाची पोरकी मुलं वाढली. टिळक 1919 मध्ये गेले, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या चरित्रावरचं काव्य अर्धवट राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने ते पुरं करायला घेतलं.

आता थोडं माझं. चार वर्षं मी थोरल्या भावाशी बोलत नव्हतो. कारण शेताचा बांध. या चार वर्षांत मी चर्चमधला भाकरी-द्राक्षरसाचा विधी, एकही प्रभुभोजन चुकवलं नाही. मंडळीत प्रार्थना चालवत होतो, लोकांना क्षमेवर वचनं काढून देत होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात लिहिलंय, वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे वचन मी कितीदा मोठ्याने वाचलं असेन! ते माझ्यासाठी आहे, हे मात्र लक्ष्मीबाईंचं ते पान वाचताना उमगलं. त्यांनी पिढ्यांचं सोवळं सोडलं होतं, आणि मी भावाच्या घरचं पाणी टाकून बसलो होतो. माझंही ते सोवळंच की.

त्या रविवारी उपासनेला न जाता मी भावाच्या वस्तीवर गेलो. तो गोठ्यात होता. मला बघून काही बोलला नाही. मीही उंबऱ्याशी नुसता उभा. वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी तिथे उभ्यानेच सगळा प्यालो. मग भाऊ म्हणाला, ‘‘बस की.’’