‘सत्या’ पाहून भांडणाऱ्यांसाठी

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईच्या गुन्हेगारी जगावरचा राम गोपाल वर्मांचा चित्रपट ‘सत्या’ जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा थिएटरांत लागला आणि १९९८ सालचा वाद परत पेटला. कुणी म्हणतं, शिव्या, गोळीबार, रक्त, यात बघण्यासारखं काय आहे? गुंडाला नुसतं डोक्यावर घेतलंय! कुणी म्हणतं, तेव्हाची मुंबई होतीच तशी. तेही खोटं नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये टी-सीरिज या संगीत कंपनीचे मालक गुलशन कुमार यांची अंधेरीत भररस्त्यात हत्या झाली होती. खंडणी, सुपारी, एन्काउंटर हे शब्द लोकांना रोजच्या पेपरातून पाठ झाले होते.

पण नुसतं ‘खरं आहे’ म्हणून पडद्यावरचं रक्त मला पटत नाही. ते कसं दाखवलंय, हे मी बघतो. समुद्राकाठच्या खडकांवर उभा राहून ‘मुंबईचा किंग कोण?’ असं ओरडणारा गुंड भिकू म्हात्रे सगळ्यांच्या लक्षात आहे. मनोज बाजपेयींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो शंभर टक्के योग्यच. पण याच भिकूचं मरण आठवून बघा. टोळीच्या पाठीशी असलेला राजकारणी, ज्याला सगळे ‘भाऊ’ म्हणतात, तो निवडणूक जिंकलाय, आपल्याच माणसांत जल्लोष चाललाय आणि हा भाऊ सरळ भिकूला गोळी घालतो. शेवटचं भाषण नाही, झटापट नाही. माणूस होता, आता नाही. गुंडाला डोक्यावर घेणारा दिग्दर्शक त्याला असा मारेल का हो?

आणि थिएटरचा तो प्रसंग! भिकूच्या टोळीतला सत्या, म्हणजे चित्रपटाचा नायक, त्याच्या प्रेयसीला, विद्याला घेऊन सिनेमाला गेलाय. त्याला पकडायला आलेले पोलिस एकच दार उघडं ठेवतात, एकेकाला तपासून बाहेर सोडतात. सत्या गोळी झाडतो, गर्दी त्या एकाच दाराकडे धावते आणि माणसं पायाखाली तुडवली जातात. तिकीट काढून आलेली, तुमच्या-माझ्यासारखी माणसं. ‘सत्या’वर एवढं बोललं जातं, पण या मेलेल्यांबद्दल मी फारसं कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. मला तर सगळ्या चित्रपटातली सर्वांत भयंकर हिंसा हीच वाटते. इथे नेम धरून कुणाला मारलेलंच नाही.

लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नका, या मताशी मी पूर्ण सहमत आहे. मोठ्यांनी मात्र जरूर बघावा, आणि खडकावरच्या त्या आरोळीनंतर टाळ्या वाजवून उठू नये. अजून बराच चित्रपट बाकी असतो.