ह्वांगेच्या पाणवठ्यावर

(दृश्य: पिवळं पडलेलं गवत, वाळू, पाणवठ्याकडे उतरणाऱ्या हत्तींच्या वाटा)

झिम्बाब्वेच्या पश्चिम टोकाला ह्वांगे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे १४,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चार गोवे. एवढ्या जंगलात बारमाही नदी एकही नाही. बऱ्याच भागात जमिनीत कालाहारीची वाळू, पडलेलं पाणी मुरून जातं. १९२८ मध्ये हे अभयारण्य झालं आणि पहिले वॉर्डन टेड डेव्हिसन यांनी विंधनविहिरी खोदून पाणवठे भरायला सुरुवात केली. तेव्हापासून कोरड्या दिवसांत इथली जनावरं पंपाच्या भरवशावर जगतात.

आणि दरवर्षी एका पौर्णिमेला माणसं ती जनावरं मोजायला येतात.

बुद्धपौर्णिमेला मेळघाटात, ताडोबात मचाणावर रात्र काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. इथे कोरडा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिगेला पोचतो, त्यामुळे मोजणी कधी ऐन कोजागिरीला येते. ‘वाइल्डलाइफ अँड एन्व्हायर्न्मेंट झिम्बाब्वे’ ही संस्था गेली कित्येक दशकं ती घडवून आणते. हरारे, बुलावायोहून लोक स्वतःच्या गाड्या, स्वतःचं पाणी, शिधा घेऊन येतात. दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा, सलग चोवीस तास.

(दृश्य: संध्याकाळ, धुळीतून येणारा कळप)

अंधार पडता पडता हत्ती येतात. आवाज जवळपास नसतोच. एका वहीत उभ्या रेघा पडत जातात, चारांवर पाचवी आडवी. पिल्लं आईच्या पोटाखाली असतात, ती हमखास सुटतात. म्हणून एकाने मोठे मोजायचे, दुसऱ्याने फक्त पिल्लं. पाणवठ्याचा चिखल झालेला असतो. कळपातली वडीलधारी हत्तीण थेट पंपाच्या नळाशी जाते, नळाच्या तोंडाशी सोंड लावते आणि तिथून हलत नाही. मोठा हत्ती दिवसाला शंभर-दोनशे लिटर पाणी पितो. बाकीची जनावरं मागे ताटकळतात.

हे आकडे जपणं सोपं नव्हतं. २००० नंतर गोऱ्यांच्या शेतजमिनींचा ताबा, मग चलनाचा बोजवारा. २००९ च्या जानेवारीत या देशाने १०० ट्रिलियन डॉलरची नोट छापली. डिझेल मिळेना. २००५ च्या दुष्काळात पंप बंद पडले, तेव्हा नागरिकांनीच ‘फ्रेंड्स ऑफ ह्वांगे’ हा न्यास उभा केला. इंजिनं दुरुस्त करणं, डिझेल पोचवणं ही कामं त्यांनी अंगावर घेतली. जंगल सांभाळायचं काम सरकारचं, हे खरंच. पण त्या वर्षी वाट बघत बसले असते तर पाणवठे कोरडे राहिले असते.

२०१३ मध्ये शिकाऱ्यांनी याच उद्यानात सायनाइड पेरलं. शंभराहून जास्त हत्ती मेले, त्यांचं मांस खाणारी गिधाडंही मेली.

मात्र ह्वांगेतला ऱ्हास केवळ हत्ती मरण्याचा नाही. संख्या आटोक्यात ठेवायला होणारी हत्तींची सरकारी कत्तल १९८६ मध्ये थांबली आणि त्यांची संख्या फार वाढली. पंपाच्या पाण्यानेही ती वाढवली. आज पाणवठ्यांभोवतीची झाडं मोडून पडली आहेत. पाणी चालू ठेवलं तर जंगल झिजतं, बंद केलं तर जनावरं मरतात. या पेचात कुठली जात वाढली, कुठली आटली, हे वर्षानुवर्षांच्या वह्यांवरूनच कळू शकतं. एका रात्रीचा आकडा फसवा असतो. काही जनावरं त्या दिवशी पाण्यावर येतच नाहीत.

(दृश्य: दुपार, सौर पट्ट्या, पंपाचं जुनं इंजिन)

२०२३ मध्ये पाऊस लांबला आणि ह्वांगेत शंभरावर हत्ती तहानेने गेले. आता बऱ्याच विहिरींवर सौर पंप बसले आहेत. पण हत्तींची गर्दी होते संध्याकाळनंतर, ऊन गेल्यावर. म्हणून काही पाणवठ्यांवर शेजारी डिझेलचं इंजिनही राखून ठेवावं लागतं, आणि त्याला डिझेल पुरवावं लागतं.