पाच नंबरचा खेळाडू

(सोलापुरातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका क्रीडाशिक्षकाने केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मित्रहो,

पुढच्या रांगांत पालक बसलेत आणि मागं भिंतीला टेकून पोरं उभी आहेत. पोरांना हा खेळ माझ्यापेक्षा जास्त येतो. पण आधी पालकांना तो समजला पाहिजे, म्हणून मागच्यांनी पाच मिनिटं सांभाळून घ्यावं.

खेळ संगणकावरचा, नाव डोटा २. दोन संघ, प्रत्येकी पाच खेळाडू. मैदानाच्या एका कोपऱ्यात एका संघाचा तळ, तिरक्या समोरच्या कोपऱ्यात दुसऱ्याचा. मधे तीन वाटा, त्यांना लेन म्हणतात. दर तीस सेकंदांनी दोन्ही तळांतून संगणकाचे छोटे सैनिक निघतात आणि वाटेत भिडतात. त्या सैनिकावर शेवटचा घाव ज्याचा बसतो त्याला सोनं मिळतं, सोन्यातून शस्त्रं येतात, शस्त्रांतून ताकद. समोरच्याच्या तळातली मुख्य वास्तू पाडली की डाव संपला. साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा डाव. खेळाडू पडद्यावर जे पात्र चालवतो त्याला हिरो म्हणतात. असे हिरो सव्वाशेच्या आसपास आहेत आणि ते सगळ्यांना फुकट खुले आहेत. पैसे मोजून मिळतं ते फक्त हिरोचं रंगरूप; ताकद विकत मिळत नाही. श्रीमंताच्या पोराला इथं जास्तीची तलवार मिळत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

या खेळाची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे ‘द इंटरनॅशनल’. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीनं ती २०११च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात पहिल्यांदा भरवली. सोळा संघ होते. युक्रेनच्या नाटस विन्सेरे संघानं चीनच्या ईहोमला अंतिम फेरीत हरवलं आणि दहा लाख डॉलर घेतले. पुढं २०१३पासून कंपनीनं एक युक्ती केली. स्पर्धेनिमित्त चाहत्यांना विकलेल्या वस्तूंच्या रकमेतला पाव हिस्सा बक्षिसाच्या रकमेत टाकायचा. रक्कम फुगत फुगत २०२१मध्ये बुखारेस्टला चार कोटी डॉलरवर गेली. वर्तमानपत्रांत हाच आकडा छापून येतो, आणि आमची पोरंही घरी आईला हाच आकडा सांगतात. पण २०२३मध्ये कंपनीनं ती पद्धत बदलली आणि बक्षीस तीसेक लाख डॉलरवर उतरलं. तरी स्पर्धा झाली, नामांकित संघ आले, जीव तोडून खेळले. म्हणून आकड्याचा विषय मी इथंच सोडतो. त्यात शिकण्यासारखं फार नाही.

शिकण्यासारखं आहे ते संघाच्या रचनेत. पाच जणांना एक ते पाच असे क्रमांक असतात. ते सोन्याच्या वाटणीचे क्रमांक आहेत. एक नंबरला सगळ्यात जास्त सोनं घेऊ द्यायचं, कारण डावाच्या शेवटी मोठा मारा त्याच्याकडून हवा असतो. पाच नंबरला सगळ्यात कमी. पाच नंबरवाला सैनिक सोडून देतो, शेजारच्याला घेऊ देतो. मैदानावर जिथं आपलं कुणी नाही तिथं अंधार असतो, प्रतिस्पर्धी दिसत नाही. त्या अंधारात जाऊन वॉर्ड नावाची वस्तू रोवायची, म्हणजे आपल्या संघाला तेवढ्या भागात दिसू लागतं. हे काम त्याचं. जाता-येता तोच जास्त मरतो. डाव संपल्यावर पडद्यावर आकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा त्याचं नाव खाली असतं.

आपल्या जिल्ह्यात वेळापूरसारख्या गावांनी खो-खो जपला. इथल्या प्रेक्षकाला सांगायला नको की खांबावर सूर मारणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण गडी त्या कोपऱ्यात आणलेला असतो तो आधीच्या तिघा-चौघांनी योग्य वेळी दिलेल्या खोमुळं. पाच नंबरवाला हा असा खो देणारा आहे.

आता ‘द इंटरनॅशनल’चे विजेते बघा. २०१५चा विजेता संघ इव्हिल जिनियसेस, त्याचा कप्तान पीटर डेगर पाच नंबरवर खेळायचा. २०१७चा विजेता टीम लिक्विड, कप्तान कुरो ताखासोमी पाच नंबरवर. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षं ओजी, कप्तान योहान सुंडस्टाइन पाच नंबरवर. २०२१ आणि २०२३, टीम स्पिरिट, तिथंही कप्तान पाच नंबरवरच. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. ज्याची नजर स्वतःच्या सोन्यावर नसते, त्याला सगळं मैदान दिसतं.

२०१५च्या अंतिम सामन्यातला चौथा डाव मी पोरांना थांबवून थांबवून दाखवतो. समोर चीनचा सीडीईसी. त्याच संघानं आधीच्या फेरीत इव्हिल जिनियसेसला दोन-शून्य हरवलं होतं. मैदानात रोशन नावाचा एक राक्षस गुहेत असतो. त्याला मारलं की एकदा मेल्यावर पुन्हा उठण्याचं वरदान मिळतं. सीडीईसीचे खेळाडू गुपचूप त्या गुहेत शिरले. जागा अरुंद, सगळे एकमेकांना खेटून. डेगरनं लांबून बर्फाचा गोळा टाकला. तो ज्यांना लागला त्यांची तब्येत काही वेळ भरून येत नाही आणि ठरावीक पातळीखाली गेली की ते तिथंच मरतात. पाठोपाठ त्याच्याच संघातला साहिल अरोरा अर्थशेकर नावाचा हिरो घेऊन गुहेच्या तोंडाशी प्रकटला आणि जमीन हादरवली. या हादऱ्याचा नियम असा, की आसपास शत्रू जितके जास्त, तितके प्रतिध्वनी जास्त, आणि प्रत्येक प्रतिध्वनी शेजारच्याला मारतो. गर्दी हाच त्यांचा घात झाला. दोन-तीन सेकंदांत स्पर्धेचा निकाल फिरला. जग आजही साहिलच्या त्या हादऱ्याचं नाव घेतं. मी पोरांना मागं नेऊन विचारतो, आधी गोळा कुणी टाकला? त्याच संघात कराचीत वाढलेला सुमैल हसन होता, वय सोळा वर्षं. ही स्पर्धा जिंकणारा सगळ्यात लहान खेळाडू तोच.

दुसरी गोष्ट ओजीची, आणि ती मला सगळ्यात जास्त प्रिय आहे. २०१८च्या उन्हाळ्यात, स्पर्धा तोंडावर आलेली असताना, त्यांचे दोन खेळाडू संघ सोडून थेट इव्हिल जिनियसेसमध्ये गेले. त्यातला एक तर सुंडस्टाइनचा जुना जोडीदार. मग यांनी काय केलं? प्रशिक्षक सेबास्टियन देब्ज स्वतः खेळायला बसला. विश्रांतीवर गेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या अनाथन फामला परत बोलावलं. आणि फिनलंडचा तोपियास तावित्साइनेन घेतला, ज्यानं एवढी मोठी स्पर्धा कधी खेळलेली नव्हती. खुल्या पात्रता फेरीतून, म्हणजे जिथं कुणीही नाव नोंदवू शकतं तिथून, ते वर आले. व्हॅंकुव्हरमध्ये समोर आला नेमका तो संघ, जुने सोबती घेऊन. ओजीनं त्यांना दोन-एक हरवलं, आणि अंतिम फेरीत चीनच्या पीएसजी एलजीडीला तीन-दोन. पुढच्या वर्षी शांघायला तेच पाच जण पुन्हा जिंकले. त्याआधी ही स्पर्धा दोनदा कुणीच जिंकली नव्हती.

त्या पाच जणांत एक डॅनिश, दोन फिनिश, एक फ्रेंच, एक ऑस्ट्रेलियन. आमच्याकडं कॉलेजच्या पोरांचा एक संघ सरावाला बसतो. त्यातला एकजण घरी तेलुगू बोलतो, त्याचे वडील यंत्रमागावर आहेत. एक कन्नड बोलतो, एक उर्दू, दोघं मराठी. डाव रंगात आला की हेडफोनमधून चारही भाषा एकदम येतात, आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. मग त्या पाच नंबरच्या पोरानं, यंत्रमागवाल्याच्या, एक नियम केला. भिडताना फक्त तीन शब्द: ‘जा’, ‘थांब’, ‘मागं’. बाकी बडबड हिरो मेल्यावर करायची. मी शेजारी उभा राहून ऐकलंय. आवाज चढला की तो शांतपणे म्हणतो, “माझा मरू दे, तू मागं.” आणि एक नंबरवाला मागं येतो. एवढं ऐकणं माझ्या खो-खोच्या पोरांत यायला मला एक अख्खा हंगाम लागतो.

डाव सुरू होण्याआधीचं काही मिनिटांचं कामही असंच आहे. दोन्ही कप्तान आळीपाळीनं हिरो निवडतात आणि समोरच्याला कुठला मिळू द्यायचा नाही ते बंद करतात. २०२१च्या अंतिम फेरीत दोन-दोन बरोबरी होती. पाचव्या डावात पीएसजी एलजीडीनं मॅग्नस हा हिरो मोकळा सोडला, तो टीम स्पिरिटनं घेतला आणि डाव जिंकला. अभ्यास, आठवण आणि हिंमत, तिन्ही त्या काही मिनिटांत लागतात.

आपल्या पोरांना इथं जागा आहे का, असं पालक विचारतात. २०२२मध्ये बर्मिंगहॅमला झालेल्या राष्ट्रकुल ईस्पोर्ट्स, म्हणजे संगणकी खेळांच्या, स्पर्धेत भारताच्या डोटा संघानं कांस्यपदक आणलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं ईस्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत चीननं डोटाचं सुवर्ण घेतलं, आणि रौप्य कुणी घेतलं? मंगोलियानं. अख्ख्या मंगोलियाची लोकसंख्या आपल्या एका सोलापूर जिल्ह्यापेक्षा कमी आहे. हे मागच्या पोरांनी नीट ऐकावं.

आणि पुढच्या रांगांनी हे ऐकावं. पैसे लावून खेळायचे मोबाइलवरचे खेळ वेगळे आणि हा वेगळा. २०२५च्या कायद्यानं पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले, आणि त्याच कायद्यानं ईस्पोर्ट्सला वेगळं ठेवून मान्यता दिली. पोरगं बंद खोलीत रात्री दोनपर्यंत एकटं काहीतरी खेळत असेल, तर जरूर अडवा. त्याला संघ नाही, वेळ नाही, प्रशिक्षक नाही. त्याला सराव म्हणत नाहीत. पण चार पोरं ठरलेल्या वेळी बसत असतील, हरलेला डाव पुन्हा लावून बघत असतील, तर दहा मिनिटं शेजारी बसा. विचारा, तू कितव्या नंबरवर खेळतोस?

उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातल्या कॉलेजांची स्पर्धा घ्यायचं आम्ही ठरवतोय. प्रत्येक संघात पाच अधिक एक राखीव, सोबत एक शिक्षक. सामने दिवसा, सगळे एकाच खोलीत, म्हणजे इंटरनेट सगळ्यांना सारखंच मिळेल आणि आई-वडिलांना येऊन बघता येईल. मुलींचे संघ आले तर फार आनंद होईल. या खेळात वेगळा गट करायचं काही कारण नाही. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. नाव, कॉलेज आणि खेळायचा क्रमांक लिहा. एक नंबर लिहिणारे पुष्कळ निघतील, मला ठाऊक आहे. ज्यांनी पाच लिहिलंय, त्यांनी जाऊ नका, थांबा. तुमच्याशी मला आजच बोलायचंय.