शाळेची वर्गणी आणि गावाची सुगी

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेसाठी लोकवर्गणी कशी जमवावी, याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. ती वर्षाच्या कोणत्या महिन्यात मागावी, याचा विचार मात्र क्वचितच होतो. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मुख्याध्यापक म्हणून काम करताना मला हा धडा उशिरा मिळाला, आणि तो मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

सोयाबीन पिकवणाऱ्या एका गावातली शाळा होती. जून महिन्यात शाळा भरली आणि पहिल्याच मोठ्या पावसात तिसरीच्या वर्गाचे पत्रे गळू लागले. मी त्याच आठवड्यात पालकांची सभा बोलावली, खर्चाचा अंदाज सांगितला आणि प्रत्येक घराने यथाशक्ती वर्गणी द्यावी, अशी विनंती केली. सभा गप्प बसली. शेवटी एका पालकाने सदऱ्याच्या खिशातून घडी केलेली पावती काढली आणि माझ्या टेबलावर उलगडून ठेवली. बियाण्याच्या दुकानाची ती पावती होती आणि तिच्यावर ‘उधार’ असा शेरा होता. तो म्हणाला, “गुर्जी, सकाळीच दोन पिशव्या उधारीवर आणल्यात. रास झाल्यावर मागा, तवा नाही म्हणायचो नाही.” त्या दिवशी मला त्याच्या बोलण्यात टाळाटाळ दिसली, आणि तसे वाटल्याची खंत मला अजूनही आहे. दिवाळीनंतर तोच गृहस्थ मोटारसायकलवर सोयाबीनचा कट्टा आडवा बांधून शाळेत आला, कट्टा व्हरांड्यात उतरवला आणि वजन करून घ्या, असे सांगून उभा राहिला.

जून महिन्यात शाळेला आपल्या सगळ्या गरजा एकदम आठवतात, कारण शाळेचे वर्ष तेव्हा सुरू होते. पण शेतकऱ्याच्या घरातला पैसा नेमका त्याच महिन्यात मातीत जात असतो. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे आणि पेरणीची मजुरी हे सगळे मृगाच्या आगेमागे येते, आणि त्याच पंधरवड्यात मुलांची दप्तरे, वह्या आणि गणवेशही घ्यावे लागतात. जून टाळण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते कायद्याचे आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी देणगी घेण्यास मनाई केली आहे, आणि महाराष्ट्रात त्याआधीपासूनच, म्हणजे १९८७ पासून, प्रवेशासाठी देणगी घेण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. प्रवेशाच्या दिवसांत शाळेने कितीही शुद्ध हेतूने वर्गणीचे पुस्तक पुढे केले, तरी समोरच्या आईबापांना ती अट वाटते. आपल्या मुलाच्या नावाची नोंद होत असताना मोकळ्या मनाने नाही म्हणणे कोणाला जमेल? म्हणून जूनमध्ये मागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग केव्हा मागावे? सोयाबीनच्या पट्ट्यात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात काढणी आणि मळणी होते, आणि माल बाजारात जाऊ लागतो. परंतु पैसा हाती आला म्हणजे तो मोकळा झाला, असे नसते. त्याच पैशातून कृषी सेवा केंद्राची उधारी फिटते, दिवाळीचे कपडे येतात आणि रब्बीच्या हरभऱ्याचे बियाणेही घ्यावे लागते. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई उभी राहते. या सगळ्यांतून शाळेसाठी जी फट उरते, ती भाऊबीजेपासून पुढच्या दोन-तीन आठवड्यांची असते. ती अरुंद आहे, म्हणून तयारी तिच्या आधी व्हावी लागते. दिवाळीच्या सुटीपूर्वी सभा घेऊन काम आणि रक्कम जाहीर करावी, आणि शाळा पुन्हा भरल्यावर वर्गणी स्वीकारावी. मधल्या सुटीत घराघरांत त्यावर बोलणे होते, आणि आजी-आजोबांपर्यंत गोष्ट पोहोचते.

भाव वाढेल या आशेने पुष्कळ जण सोयाबीन घरातच ठेवतात. अशा घरांकडून रोख रकमेचा आग्रह धरू नये, धान्यच घ्यावे. ही रीत आपल्याकडे नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, तेव्हापासून खेड्यांतल्या माणसांनी शिक्षणाला जो हातभार लावला, त्यात धान्याचा वाटा होताच. आम्ही त्या वर्षी व्हरांड्यात काटा मांडला, प्रत्येक कट्ट्याचे वजन पालकासमोर केले आणि किलोंची पावती दिली. सगळा माल एका दिवशी अडतीवर नेला. हमाली आणि तोलाई वजा होऊन विक्रीच्या हिशेबाची जी पट्टी मिळाली, ती शाळेच्या फलकावर लावली आणि रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यात भरली. ज्यांना शंभर रुपये काढून देणे जड गेले असते, त्यांनी पायलीभर सोयाबीन सहज दिले.

दिवाळीनंतरच्या वर्गणीचा दुसरा लाभ असा की काम वेळेवर होते. पत्रे बदलायचे असतील, तर ते एप्रिल-मे महिन्यांतच बदलता येतात, कारण तेव्हा वर्ग रिकामे असतात आणि पाऊस दूर असतो. मे महिन्यात गवंडी आणि सुतार मिळावेत, तर त्यांना गुढीपाडव्याच्या सुमारास इसार द्यावा लागतो, म्हणजे त्याआधी निम्मी रक्कम तरी खात्यात हवी. जूनमध्ये गळती पाहावी, कुठे पाणी पडते ते वहीत टिपून ठेवावे, गणपतीनंतर अंदाजपत्रक करावे, दिवाळीनंतर वर्गणी घ्यावी आणि उन्हाळ्यात काम उरकावे, असा हा वर्षभराचा क्रम आहे.

हे वेळापत्रक सगळ्या महाराष्ट्राला मात्र लागू पडत नाही. कापसाच्या गावात पैसा एका वेळी येत नाही. वेचणीमागून वेचणी होत जाते तसा तो हप्त्यांनी येतो, म्हणून तिथे वर्गणीही दोन किंवा तीन वेळा विभागून घेणे बरे. द्राक्षाच्या गावात फेब्रुवारी-मार्च, उन्हाळी कांद्याच्या गावात एप्रिल-मे, आणि उसाच्या गावात कारखान्याचे बिल खात्यात जमा झाल्यानंतरचे दिवस.

ऊसतोड कामगारांच्या गावांविषयी मला थोडे थांबून बोलायचे आहे. बीड जिल्ह्यातल्या आणि आजूबाजूच्या अनेक गावांतली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, पाडव्याच्या आगेमागे परत येतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून मिळालेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच खर्ची पडलेली असते, आणि हंगामभर त्यांनी जे कष्ट केले, ते बहुतेक ती फेडण्यासाठीच असतात. अशा गावात चैत्र-वैशाखातल्या यात्रेच्या वेळी सगळे एकत्र असतात खरे, परंतु तेव्हाही त्यांच्याकडे पैसा मागणे मला योग्य वाटत नाही. तिथे गावातून नोकरीसाठी बाहेर गेलेली माणसे यात्रेला येतात. त्यांच्याकडे मागावे, आणि तोडणीहून परतलेल्या आईबापांना शाळेत बोलावून मुलांचे बुडालेले शिक्षण कसे भरून काढता येईल, एवढेच बोलावे.

कोकणात हिशेब चाकरमान्यांच्या येण्यावर चालतो. ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी येतात. मे महिन्यात त्यांना सवड सर्वाधिक असते, म्हणून पुष्कळ शाळा तेव्हाच मागतात. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे पाऊस दारात उभा असतो, आणि मेअखेरीस मिळालेल्या पैशांतून कौले त्या वर्षी बदलता येत नाहीत. त्यामुळे गणपतीत आरतीला जमलेल्या मंडळींना शाळा दाखवावी, रक्कम सांगावी, आणि शिमग्यापर्यंत मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाकडून ती पोहोचेल, असे ठरवून घ्यावे. भर श्रावण-भाद्रपदात शाळेत आलेल्या माणसाला गळणारे कौल समजावून सांगावे लागत नाही.

शहरांत पिकाचा प्रश्न नसतो, तिथे गर्दीचा प्रश्न असतो. दहीहंडी, गणेशोत्सव आणि नवरात्र या काळात मंडळांची पावतीपुस्तके घरोघर फिरत असतात, आणि त्यांच्यामागून शाळेचे पुस्तक गेले तर माणूस त्रासतो. सहामाही परीक्षा संपल्यावर, सुटी लागण्यापूर्वी, मुलांनी केलेल्या पणत्या आणि आकाशकंदील यांची विक्री ठेवावी. तेव्हा बोनसची रक्कम आलेली असते आणि या वस्तू घरात हव्याच असतात. खाद्यपदार्थांचा आनंदमेळावा मात्र डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. मैदान कोरडे असते, हवा चांगली असते आणि स्नेहसंमेलनासाठी पालक येणारच असतात. फेब्रुवारी उजाडला की दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू होतात. त्यानंतर शाळेत ध्वनिवर्धक लावू नये. ज्या संस्थांकडे आयकर सवलतीची नोंदणी आहे, त्यांनी मोठ्या देणगीदारांकडे ३१ मार्चपूर्वी पुरेसे दिवस ठेवून जावे आणि २००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोख घेऊ नये, कारण तिच्यावर देणगीदाराला सवलत मिळत नाही.

गावाकडे परत येतो. स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी गाव शाळेच्या मैदानावर जमते, आणि दोन्ही दिवशी भाषणाच्या शेवटी मदतीचे आवाहन करण्याचा मोह होतो. १५ ऑगस्टला खुरपणी आणि फवारणीचा खर्च चालू असतो, पीक शेतात उभे असते आणि पुढे किती पिकेल ते कोणालाच सांगता येत नाही. त्या दिवशी श्रमदान मागावे. मैदानातले गवत काढायला आणि झाडे लावायला माणसे आनंदाने येतात. २६ जानेवारीला खरिपाचा हिशेब संपलेला असतो, तुरीची रास घरात येत असते, आणि त्याच दिवशी ग्रामसभाही भरण्याची प्रथा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालकच असतात. कोणाच्या घरी यंदा लग्न आहे आणि कोणाचे पीक पाण्यात गेले, हे त्यांना ठाऊक असते. कोणाकडे यंदा जायचे नाही, ही यादी त्यांनी आधी करावी. आमच्या समितीने ती केली होती, आणि त्या सात घरांची नावे सभेत किंवा फलकावर कुठेही आली नाहीत.

त्या २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर समितीच्या अध्यक्षांनी किती किलो सोयाबीन आले, किती रोख आली आणि किती कमी पडते, हे वाचून दाखवले. कमी पडणारी रक्कम तुरीवर देतो, असे चार जणांनी तिथेच उभे राहून सांगितले. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तिसरीच्या वर्गावर नवे पत्रे चढले. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा मी त्या वर्गात जाऊन उभा राहिलो. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका मोठा होता की मुलांना पाढे ओरडून म्हणावे लागत होते, आणि खालची फरशी कोरडी होती.

नमस्कार.